'ऑलिगार्क'ला मराठीत काय म्हणायचं? 'सावकार' लिहिलं तर काका चिडले

रंकाळ्याकाठचा:
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी रशियावरचा लेख मराठीत करायलोय. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथं सगळं कोसळलं, आणि त्या पडझडीतच मूठभर लोक अफाट श्रीमंत झाले, पुढं सरकारातही जाऊन बसले, असा विषय. त्या लोकांना ऑलिगार्क म्हणतात. मी 'सावकार' लिहून मोकळा झालो. माझे काका 40 वर्षं शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांना वाचायला दिलं तर पहिल्याच पानावर लाल पेन. म्हणाले, "सावकार गाठीचा पैसा लावतोय, बुडला तर त्याचा बुडतोय. तुझ्या ह्यांनी कुणाचा लावला?" मी गप्पच, कारण लेखातच आहे की 1995 ला सरकारची तिजोरी रिकामी होती तेव्हा ज्या बँकांनी सरकारला कर्ज दिलं त्यांच्याकडं सरकारच्याच ठेवी पडून होत्या. कोशात 'अल्पजनसत्ता' आहे. पण मग माणसाला काय, 'अल्पजनसत्ताधारी'? म्हणताना दम लागतोय. सुचवा काहीतरी, अंक प्रेसला जायचाय.

तिकटीवरचा:
धनदांडगे. विषय संपला.

रंकाळ्याकाठचा:
नाही संपला भावा. धनदांडगे म्हटलं की ओढ्यात भराव टाकणारा डोळ्यापुढं येतो. ह्यांनी निकेलच्या खाणी आणि तेलकंपन्या घेतल्यात.

मराठी_निर्मळ:
'धनिकशाह' असा शब्द घडवता येईल. लोकशाही, हुकूमशाही रुळले तसे हेही रुळेल. परकीय शब्द जसेच्या तसे उचलायची सवय आता सोडायला हवी.

अडत्याचा नातू:
सर, त्यातला 'शाह' फारसी आहे आणि 'हुकूम' अरबी. तुमचा निर्मळ शब्द अर्धा तिकडचाच निघाला की.

मराठी_निर्मळ:
जे पचले ते आपले. जे पचले नाही ते परके. यात विसंगती काहीही नाही.

अडत्याचा नातू:
मग ऑलिगार्कला पण पचायला दोन-चार वर्षं द्या की. आणि मूळ ग्रीक अर्थ 'थोड्यांची सत्ता' एवढाच असला तरी ॲरिस्टॉटलनंच सांगून ठेवलंय की थोडे-जास्त हा मुद्दा नाही, श्रीमंत स्वतःच्या फायद्यासाठी राज्य करतात हा मुद्दा आहे. म्हणजे 'अल्पजन' शब्दात आकडा आला, पैसा राहिलाच.

माणदेशी लेक:
मी 'सावकार'च्या बाजूनं बोलतो. (कोल्हापुरात बायका 'मी बोलतो, मी जातो'च म्हणतात, पुणेकरांनी दुरुस्त करायला येऊ नये. माझं माहेर आटपाडीकडचं असलं तरी 30 वर्षांत इथलीच झालोय.) 72 च्या दुष्काळात आमच्या आज्ज्यानं जमीन 'मुदत खरेदी'नं लिहून दिली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कागदावर विक्री असते पण तोंडी किंवा शर्तीत असं ठरलेलं असतं की अमुक मुदतीत पैसे फेडले की जमीन परत. पैसे कुठनं फेडणार, बैलं विकून झालेली, सगळं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर. मुदत संपली, जमीन गेली. आणि एकट्या आमची नाही, त्या दोन वर्षांत एकाच माणसाकडं गावची किती जमीन गेली त्याचा हिशोब आजी बोटावर सांगायची आणि बोटं पुरायची नाहीत. त्याचा पोरगा पुढं सोसायटीचा चेअरमन झाला, म्हणजे परत कर्ज मागायला जायचं ते त्याच्याच दारात. हे तुमच्या रशियापेक्षा वेगळं काय आहे ते सांगा.

रंकाळ्याकाठचा:
ताई, अंगावर काटा आला, कारण लेखात शब्दशः हेच आहे! सरकारनं बँकांकडनं कर्ज घेतलं, बदल्यात कंपन्यांचे शेअर गहाण टाकले, फेडलं नाही तर बँकेनं विकायचे. सरकार फेडणार नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक. नोरिल्स्क निकेल ह्या खाणकंपनीचा 38 टक्के हिस्सा 17 कोटी डॉलरला पोतानिन नावाच्या बँकवाल्याच्या ऑनेक्सिम बँकेकडं गेला, आणि लिलाव भरवणारी बँक कुठली, तर तीच. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनच्या निवडणुकीमागं हेच बँकवाले उभे, निवडणूक झाल्यावर ऑगस्टमध्ये पोतानिन थेट पहिला उपपंतप्रधान. ह्या सगळ्या योजनेला मी 'समभागाधारित कर्ज योजना' असं भयाण काहीतरी लिहिलं होतं. आता 'मुदत खरेदी' लिहितो.

तिकटीवरचा:
लई भारी. म्हणजे सावकारच की. काकांना सांगा.

खरडवहीवाले मास्तर:
एवढ्यात सांगू नका. मी इतिहास शिकवायचो, एक उलटं उदाहरण देतो. जर्मनी, 1923. मार्क इतका पडला की नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क. ह्या काळात ह्यूगो श्टिनेस नावाचा उद्योगपती, जो राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, खासदारही होता, भरमसाट कर्ज काढून कोळसा, पोलाद, जहाजं, वर्तमानपत्रं, हॉटेलं घेत सुटला. कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा त्या पैशाला रद्दीचा भाव. लोक त्याला महागाईचा राजा म्हणायचे. बँकेत आयुष्यभराची पुंजी ठेवलेला शिक्षक, पेन्शनर, विधवा बाई, हे सगळे खरं तर सावकार, म्हणजे देणेकरी, आणि तेच धुपले. मग इथं गबर कोण झालं? ऋणको, म्हणजे कर्ज घेणारा! तुमचा सावकार शब्द इथं पार उताणा पडतो.

अडत्याचा नातू:
मास्तर, 'देणेकरी' म्हणजे ज्याला देणं लागतं तो का जो देणं लागतो तो? आमच्या दुकानात ह्यावरनं भांडणं व्हायची.

खरडवहीवाले मास्तर:
दोन्ही अर्थांनी वापरतात, म्हणूनच तर 'धनको-ऋणको' काढावे लागले. बोलताना मात्र ते शब्द कुणी वापरत नाही, खरं आहे.

माणदेशी लेक:
पण मास्तर, तसं कर्ज आमच्या आज्ज्याला कुणी दिलं असतं का? महागाईत कर्जदाराचा फायदा हे पुस्तकात ठीक. ज्याला कर्ज मिळतं तो आधीच मोठा असतोय.

खरडवहीवाले मास्तर:
मान्य. अगदी मान्य. म्हणूनच म्हणतो, 'सावकार' म्हटलं की माणूस देण्याच्या बाजूला बसलेला दिसतो. हे लोक वारा येईल तसे कधी देण्याच्या बाजूला, कधी घेण्याच्या. आणि सगळेच टिकतात असंही नाही. श्टिनेस 1924 ला गेला आणि वर्षभरात त्याचा डोलारा कोसळला. आपल्या मुंबईत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हा शेअरबाजारावर प्रेमचंद रायचंदांचं राज्य होतं, 1865 ला युद्ध थांबलं आणि तेही बसले.

बेळगाव_वेस:
आमच्याकडं तर 'सावकार' ही शिवीच नाही हो. कन्नड-मराठी दोन्हीत मोठ्या माणसाला मानानं हाक मारायला 'सावकार' म्हणतात, "या सावकार, बसा" असं. शब्द आलाय 'साधु'वरनं. साधु, साहु, साहुकार, सावकार. साधूचा सावकार झाला, आता सावकाराचा ऑलिगार्क होऊ दे.

तिकटीवरचा:
आणि 'व्याज' म्हणजे संस्कृतात कपट, निमित्त. 'निर्व्याज प्रेम' म्हणतात ते त्यातलंच. मी कॉलेजात असताना निर्व्याज प्रेम म्हणजे बिनव्याजी प्रेम समजायचो 😀

मराठी_निर्मळ:
तसे समजणारे पुष्कळ आहेत, आणि वापर म्हणजेच भाषा असे मानले तर उद्या तोच अर्थ कोशात जाईल. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो भाषा राखायला म्हणून.

अडत्याचा नातू:
आणि त्यातल्या किती शब्दांनी मूळ धरलं? त्यात मुजुमदाराला अमात्य केलं. आज कोल्हापुरात मुजुमदार आडनावाची माणसं भेटतात, अमात्य फक्त नाटकात.

मराठी_निर्मळ:
गगनबावड्याला पंत अमात्य बावडेकरांचा वाडा आहे. जाऊन बघून या.

अडत्याचा नातू:
😐 बरं. एक पॉइंट तुमचा.

पंचगंगाघाट:
उशिरा आलो, पण एक शब्द देतो. रशियन लोकांनीच 1996 च्या सुमाराला ह्या बँकवाल्यांना 'सेमिबँकिर्श्चिना' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे 'सात बँकवाल्यांचा कारभार'. तो शब्द बेतलाय 1610 सालच्या सात बोयारांच्या, म्हणजे सात सरदारांच्या राजवटीवर. त्यांनी आपल्या इतिहासातनं शब्द उचलला तसा आपणही उचलूया की. नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यात कारभार कुणी हातात घेतला? बारभाईंनी! 'बँकांचे बारभाई'. बघा कसं वाटतंय.

रंकाळ्याकाठचा:
क्या बात! हे आवडलं. हेच टाकतो.

खरडवहीवाले मास्तर:
थांबा थांबा. नाना फडणीस, सखारामबापू ही मंडळी राघोबादादाच्या विरोधात तान्ह्या पेशव्याची गादी राखायला एकत्र आली होती. त्यांना लुटारूंच्या पंक्तीला बसवायचं?

पंचगंगाघाट:
मास्तर, बोयार तरी कुठं लुटारू म्हणून प्रसिद्ध होते, त्यांनी परक्या राजपुत्राला बोलावलं म्हणून बदनाम झाले. आणि मी कारभाराच्या पद्धतीबद्दल बोलायलोय.

माणदेशी लेक:
मला दुसरीच अडचण दिसते. 'बारभाईची खेती' म्हणजे कुणाचा पायपोस कुणाला नाही असा गोंधळ. ऐकणाऱ्याला वाटेल की ह्या बँकवाल्यांचं काही जमलं नाही. जमलं नाही कसलं, सगळं त्यांचंच जमलं! गोंधळ बाकीच्यांच्या घरात होता.

बेळगाव_वेस:
मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे. एवढा नेमका शब्दप्रयोग असताना तुम्ही रशियाला कशाला जाताय?

रंकाळ्याकाठचा:
बेळगावकर, शीर्षकात बसत नाही. 40 वेळा येतो शब्द लेखात.

तिकटीवरचा:
'घबाडवाले' घे. घबाड मिळालं म्हणतो ना आपण.

अडत्याचा नातू:
घबाड पंचांगातला मुहूर्त आहे हे माहीत आहे का? आमच्या आजोबांच्या दुकानात नव्या वह्या घालताना घबाड बघायचे. त्या वेळी केलेल्या कामात घसघशीत लाभ होतो म्हणे, तिथनंच मग 'मोठा लाभ' हा अर्थ आला.

पंचगंगाघाट:
उलटं असेल. आधी लाभाचा शब्द असणार, मग पंचांगवाल्यांनी मुहूर्ताला नाव दिलं.

अडत्याचा नातू:
पुरावा?

पंचगंगाघाट:
तुमचा काय पुरावा, आजोबा?

रंकाळ्याकाठचा:
अहो, मूळ शब्दाचं काय? काकांना परत विचारलं. ते म्हणतात, आमच्या पेठेत शेतकऱ्याला आधी उचल द्यायची, मग त्याचा गूळ आमच्याच दारात येणार, म्हणून सौद्यात किती बोलायचं ते आम्हाला ठाऊक असायचं, पण म्हणून आम्ही कधी कलेक्टर झालो नाही. त्यांचं म्हणणं, जो उचल पण देतो, सौदा पण काढतो आणि तराजू पण त्याचाच, त्याला मराठीत शब्दच नाही कारण पेठेनं तसा माणूस टिकू दिला नसता.

माणदेशी लेक:
काकांना म्हणावं, आमच्या गावात या. तराजू पण त्याचाच होता.

खरडवहीवाले मास्तर:
'उचल' नेमका कधीपासून आगाऊ रकमेच्या अर्थानं आला हो? ऊसतोड टोळ्यांच्या आधी गुळाच्या पेठेत होता का? वेगळा धागा काढावा लागेल.

बेळगाव_वेस:
काढा. आमच्याकडं त्याला 'मुंगड' म्हणतात, कन्नडातला शब्द. त्यावर मी बोलतो.