शब्दचर्चा: ‘स्मॉल-स्केल फ्लुइड डायनॅमिक्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: एका संशोधकाचा परिचय मराठीत लिहायचा आहे. विषय आहे ‘स्मॉल-स्केल फ्लुइड डायनॅमिक्समधील पोस्टडॉक्टरल संशोधन, औद्योगिक उपयोगांसह’. मी ‘लघुप्रमाणावरील द्रवगतिकीत पीएचडीनंतरचे संशोधन’ असे लिहिले आहे. योग्य वाटते का?

उत्तर: ‘पीएचडीनंतरचे संशोधन’ झकास आहे, तसेच ठेवा. ‘डॉक्टरोत्तर’ही चालते.

‘द्रवगतिकी’ मात्र बदलायला हवे. फ्लुइडमध्ये द्रव आणि वायू दोन्ही येतात. मराठी विश्वकोशात त्यासाठी ‘द्रायू’ हा सुटसुटीत शब्द आहे, द्रव आणि वायू यांचा जोड. हिंदीत फ्लुइडला ‘तरल’ म्हणतात, पण मराठीत तरल म्हटले की कल्पना, भावना, काव्य आठवते, त्यामुळे तो शब्द इथे परका वाटतो. ‘यामिकी’ (मेकॅनिक्स) आणि ‘गतिकी’ (डायनॅमिक्स) हेही वेगळे आहेत. यामिकीत स्थिर द्रायूचाही अभ्यास येतो, गतिकी फक्त वाहण्याबद्दल बोलते. म्हणून ‘द्रायुगतिकी’.

‘लघुप्रमाणावरील’ तर नकोच. पुढे ‘औद्योगिक’ आले की वाचणाऱ्याला हे लघुउद्योगांविषयी काहीतरी आहे असे वाटणार.

प्रश्न: मग ‘सूक्ष्म द्रायुगतिकी’?

उत्तर: जवळ आलात. पण ‘सूक्ष्म’ हे विशेषण शास्त्राला चिकटते आणि ‘बारकाईने केलेला अभ्यास’ असा अर्थ निघू शकतो. इथे सूक्ष्म आहे ती प्रवाहाची जागा: वाहिनीची रुंदी, थेंबाचा व्यास, लेपाची जाडी. आणि जागा लहान झाली की प्रवाहाचा स्वभावच पालटतो, हे मला शब्दात यायला हवे असे मनापासून वाटते.

एक उदाहरण घ्या. 0.1 मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीत पाणी सेकंदाला 1 मिलिमीटर वेगाने वाहते आहे. इथे रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्वाचा जोर श्यानतेच्या (द्रायूच्या थरांनी सरकण्याला केलेल्या विरोधाच्या) किती पट आहे ते सांगणारा आकडा, येतो साधारण 0.1. साध्या नळीतला प्रवाह खळबळू लागायला हा अंक दोन हजारांच्या आसपास जावा लागतो. म्हणजे या वाहिनीत जडत्वाचे काही चालत नाही, श्यानतेचे राज्य असते. एक रंगीत आणि एक बिनरंगी धार शेजारी शेजारी सोडली तर भोवरे उठत नाहीत, दोघींमधली रेघ स्पष्ट दिसते. रंग पलीकडे जातो तो केवळ विसरणाने, म्हणजे त्याचे रेणू आपोआप पसरत गेल्याने, आणि वाहिनीची रुंदी ओलांडायला त्याला दहाएक सेकंद लागतात. तोवर पाणी सेंटीमीटरभर पुढे गेलेले असते! छोट्या चिपवर दोन रसायने मिसळायची तर वाहिनीला मुद्दाम वळणे किंवा आत खाचा द्याव्या लागतात, त्या यामुळेच.

म्हणून मी ‘सूक्ष्म वाहिन्या व थेंबांमधील द्रायुगतिकी’ असे लिहीन. थोडे लांब आहे, पण अर्थ पक्का. मायक्रोफ्लुइडिक्स या शाखेला ‘सूक्ष्मप्रवाहशास्त्र’ म्हणता येईल.

प्रश्न: श्यानतेऐवजी ‘चिकटपणा’ लिहिले तर सगळ्यांना कळेल ना?

उत्तर: कळेल, पण चुकीचे कळेल. एरंडेल तेल पाण्याच्या शेकडो पट श्यान असते, तरी दोन बोटांत धरले तर बोटे एकमेकांवरून घसरतात. चिकटणे म्हणजे दुसऱ्या पृष्ठाला धरून राहणे, आणि श्यानता म्हणजे द्रायूच्या थरांनी एकमेकांच्या सरकण्याला केलेला विरोध. शब्द अनोळखी वाटत असेल तर पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात अर्थ सांगा.

प्रश्न: शेवटचे एक. याच परिचयात इंकजेट छपाईतले ‘सॅटेलाइट ड्रॉप’ आहेत. ‘उपग्रह थेंब’ म्हणू?

उत्तर: ‘उपथेंब’ म्हणा. हे थेंब कशाभोवती फिरत नाहीत. तोटीतून शाई सुटते तेव्हा मुख्य थेंबामागे एक बारीक शेपटी ताणली जाते. पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आकसण्याची ओढ, ती आवळत नेतो, शेपटी तुटते आणि तिचे बारके थेंब होतात. मुख्य थेंबच केवढासा: 20 मायक्रोमीटर व्यासाचा धरला तर जेमतेम 4 पिकोलिटर (एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग). उपथेंब त्याहून लहान, आणि ते कागदावर भलतीकडे पडले की अक्षराची कड फिसकटते. शाईची श्यानता आणि पृष्ठताण जुळवून ही शेपटी आवरणे हा या संशोधनाचा अगदी रोजच्या कामातला औद्योगिक उपयोग आहे. परिचयात त्याला एक वाक्य जरूर द्या.