सेवाजन्य अपंगत्व, ‘व्हीए-लाइफ’ आणि दोन वर्षांची अट

धागाकर्ता
अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने १ जानेवारी २०२३ पासून ‘व्हीए-लाइफ’ ही आजीवन विमा योजना सुरू केली. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाचे मानांकन (खात्याने टक्क्यांत ठरवलेले अपंगत्वाचे प्रमाण), मग ते शून्य टक्के का असेना, ज्याच्याकडे आहे आणि ज्याचे वय ८० किंवा त्याहून कमी आहे, अशा कोणाही माजी सैनिकाला वैद्यकीय तपासणीविना ४०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. पूर्ण रक्कम मात्र दोन वर्षांनंतरच लागू होते. त्याआधी मृत्यू ओढवल्यास वारसांना भरलेले हप्ते व्याजासह परत मिळतात, बस्स. इराकमधल्या तळावर उघड्या खड्ड्यांत जळणाऱ्या कचऱ्याच्या धुराने ज्याची फुप्फुसे निकामी झाली, त्याला ‘दोन वर्षे जगून दाखव’ असे सरकारने सांगणे मला अन्याय्य वाटते.

प्रतिसाद : विमागणिती
सहमत नाही. प्रकृतीबद्दल अवाक्षरही न विचारता विमा द्यायचा आणि वर प्रतीक्षाकाळही ठेवायचा नाही, तर लोक शेवटच्या आजारातच अर्ज करतील आणि तो भार इतरांच्या हप्त्यांवर पडेल. नव्या अर्जांसाठी २०२२ अखेर बंद झालेली याच खात्याची जुनी विमा योजना आठवा: मूळ विमा १०,००० डॉलरचा, अर्ज मानांकनापासून दोन वर्षांच्या आत, आणि सेवाजन्य विकार वगळता प्रकृती चांगली हवी. गुडघा सैन्यात गेला, पण हृदयविकार स्वतःचा, अशा माणसाला तिथे दार बंद होऊ शकत असे.

प्रतिसाद : माजी सैनिकाची पत्नी
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. जुन्या योजनेत पूर्णतः अपंग झालेल्याला हप्तामाफी मिळू शकत असे. नव्या योजनेत ती नाही. हप्ता एकदा ठरला की वाढत नाही हे खरे, पण साठीच्या आसपास तो ठरतो तेव्हाच मोठा असतो. माझ्या मते प्रतीक्षेपेक्षा हे अधिक बोचरे आहे.

प्रतिसाद : विमागणिती
शंभर टक्के मानांकन असलेल्या एकट्या माणसाला २०२५ मध्ये दरमहा ३,८०० डॉलरहून अधिक करमुक्त अपंगत्व भत्ता मिळत होता, त्यामुळे हप्ता अगदीच आवाक्याबाहेर नसावा. शिवाय सैन्य सोडल्यापासून २४० दिवसांत अर्ज केल्यास, सेवेतील गटविमा प्रकृतीचा पुरावा न देता स्वतःच्या नावे चालू ठेवता येतो. ती संधी का दवडायची?

धागाकर्ता
कारण तेव्हा माणूस धडधाकट असतो! धुराचे विकार अनेकदा वर्षांनंतर डोके वर काढतात आणि त्यांपैकी बरेचसे सेवाजन्य आहेत असे गृहीत धरणारा ‘पॅक्ट’ कायदाच मुळी ऑगस्ट २०२२ मध्ये आला. अट सर्वांसाठी रद्द करा असे माझे म्हणणे नाही. ज्या विकाराला खात्याने स्वतः सेवाजन्य ठरवले, त्याच विकाराने मृत्यू झाल्यास तेवढी ती शिथिल करावी.

प्रतिसाद : विमागणिती
म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी आली, आणि तिचा फेरा विधवेच्या मागे लागणार. आज तिला मिळणारी रक्कम कमी असेल, पण त्यासाठी तिला काही सिद्ध करावे लागत नाही.

प्रतिसाद : माजी सैनिकाची पत्नी
मृत्यूचा दाखला आणि मानांकनाचे पत्र, दोन्ही कागद आमच्यासारख्यांच्या घरात असतातच. तेवढी तसदी घ्यायला आम्ही तयार आहोत.