जीएनएम झालं, रजिस्ट्रेशन आलं. पहिली नोकरी कुठे धरू?

माणदेशी:

नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातली. जीएनएमची, म्हणजे नर्सिंग आणि प्रसूतिसेवेच्या डिप्लोमाची, तीन वर्षं पूर्ण झाली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं रजिस्ट्रेशन गेल्या आठवड्यात हातात आलं. घरात या क्षेत्रातलं कोणी नाही, म्हणून इथे विचारते आहे.

दोन ठिकाणांहून होकार आहे. एक घरापासून पस्तीस किलोमीटरवर, ३० खाटांचं खासगी हॉस्पिटल. १४ हजार देणार, घरून जाऊन-येऊन होईल, तिथल्या डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत. दुसरं पुण्यात, अडीचशे खाटांचं. १८ हजार आणि हॉस्टेल, जेवणाचं आपलं आपण बघायचं. मेडिसिन वॉर्ड मिळेल म्हणाले. एक वर्षाचा बाँड आहे. आईचं म्हणणं घराजवळचं घे. वडील म्हणतात तुझं तू ठरव.

पण माझी खरी भीती वेगळी आहे. स्टुडंट असताना सलाईन मी लावायचे, औषधं मी द्यायचे, सही मात्र इन्चार्ज सिस्टरांची असायची. आता सही माझी. तीन वर्षांत मी एकदाही रात्री स्वतःहून डॉक्टरांना फोन केलेला नाही. कोणाला कधी उठवायचं, हे कळतं कसं?

गोदाकाठ:

मी २२ खाटांच्या हॉस्पिटलमध्ये सुरुवात केली आणि मला त्याचा फायदाच झाला. सकाळी ओपीडी, दुपारी ओटी (ऑपरेशन थिएटर), रात्री डिलिव्हरी. वर्षभरात ड्रेसिंग, कॅथेटर, बाळाची पहिली काळजी, सगळं हाताखालून गेलं. मोठ्या हॉस्पिटलात माझ्या मैत्रिणी सहा-सहा महिने फक्त टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घेत होत्या. शिवाय घरचं जेवण, भाडं नाही. आईचं ऐक.

विदर्भब्रदर:

ताई, निर्णय घेण्याआधी एक गोष्ट तपासा. पुढे एम्सची नॉरसेट, म्हणजे तिथल्या नर्सभरतीची परीक्षा द्यायची इच्छा असेल तर जीएनएमवाल्यांना रजिस्ट्रेशनसोबत दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला असावा लागतो. बी.एस्सी.वाल्यांना ही अट नाही, आपल्याला आहे. म्हणजे ३० खाटांच्या ठिकाणी तुम्ही दोन वर्षं जीव ओतून काम केलंत तरी त्या अर्जासाठी ती दोन वर्षं धरली जाणार नाहीत. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझं दीड वर्ष तसंच गेलं, मग नव्याने सुरुवात करावी लागली. आज नर्सिंग ऑफिसर आहे, मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून. त्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

पगाराचंही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने खासगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली होती: ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २० हजार, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे त्याच्या खाली आहेत. बहुतेक ठिकाणी हेच चाललंय. त्यामुळे तुम्हाला कमी मिळतंय ते तुमची लायकी कमी म्हणून, असं मनात आणू नका.

आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवू नका. पडताळणीला दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद त्याच दिवशी परत आणा. बाँड मोडल्यास किती रक्कम, नोटीस किती दिवसांची, अनुभव प्रमाणपत्र कधी मिळणार, हे लेखी घ्या.

वॉर्ड नंबर १२:

मी परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे, एकतीस वर्षं झाली. माणदेशी, तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि ड्युटीवरून आल्या आल्या लिहायला बसले. नोकरी कुठे धरायची त्याचं उत्तर त्या प्रश्नातच आहे. ज्या वॉर्डात तुला रात्री विचारायला जागं, अनुभवी माणूस असेल, तिथे पहिलं वर्ष काढ. गोदाकाठ म्हणतात ते खोटं नाही, लहान दवाखान्यात हात लवकर बसतो. पण तिथे रात्री बहुधा तू एकटी आणि एक मावशी. डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले. दोन वर्षं अनुभव असलेल्या मुलीला ते चालतं. रजिस्ट्रेशनची शाई न वाळलेल्या मुलीला नाही.

पुण्याला फोन कर आणि मेट्रनच्या (सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांच्या) ऑफिसात चार गोष्टी विचार. मेडिसिन वॉर्डात नाईटला एका सिस्टरकडे किती पेशंट? नवीन मुलीला किती दिवस सीनियरबरोबर ठेवतात? त्या दिवसांत तिला पेशंट वेगळे वाटून देतात का? आणि कोणत्या महिन्यापासून एकटीची नाईट लागते? वॉर्डात नर्स किती असाव्यात याचे नियम कागदावर आहेत, पण रात्री एकटीने वीस पेशंट बघणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच समज.

आता डॉक्टरांना कधी उठवायचं ते. तुला एक खरी गोष्ट विचारते. स्टुडंट असताना टीपीआर चार्टमध्ये श्वासाच्या रकान्यात तू काय लिहायचीस? वीस. सगळेच वीस लिहितात. बेड एक ते बेड चोवीस, सगळ्यांचा श्वास वीस. ताप थर्मामीटर सांगतो, बीपी आणि नाडी मशीन सांगतं. श्वास तेवढा स्वतः उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तो कोणी मोजत नाही. आणि माणूस बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी तोच बदलतो. बीपी बराच वेळ टिकून राहतं. शरीर ते धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं.

माझ्या पहिल्या वर्षात एक गृहस्थ होते, साठीचे, छातीत जंतुसंसर्ग. पहाटे तीनला चादर ओढत होते, बाटली मागत होते, उठून बसत होते. बीपी ११०/७०. मी त्यांना झोपा म्हटलं आणि चार्टवर वीस लिहिलं. सहा वाजता त्यांना आयसीयूत न्यावं लागलं. ते वाचले. पण त्या वीसच्या खाली माझी सही होती, आणि मी मोजलं नव्हतं. त्या दिवसापासून आजतागायत मी न मोजता आकडा लिहिलेला नाही, आणि माझ्या वॉर्डात कोणाला लिहू देत नाही.

म्हणून पहिली सवय ही. पूर्ण एक मिनिट. मनगट नाडी बघितल्यासारखं धरून ठेव आणि छातीकडे बघ. मोजतोय हे पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. पंचवीसच्या वर गेला, किंवा आठ-दहावर आला, किंवा कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज बिथरल्यासारखा वागतोय, किंवा चार तासांत लघवी जवळजवळ नाही, तर फोन कर. इन्चार्ज असतील तर आधी त्यांना दाखव. नसतील तर थेट.

फोनवर "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये" एवढंच म्हणू नकोस. त्यावर "बघतो" असं उत्तर येतं आणि फोन ठेवला जातो. असं म्हण: "सर, मेडिसिन वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड नऊ, बासष्ट वर्षं, काल न्यूमोनिया म्हणून ॲडमिट. संध्याकाळी श्वास वीस होता, आता तीस आहे. ऑक्सिजन चालू असून सॅच्युरेशन नव्वद. बीपी शंभर-साठ. पेशंट बिथरलेत. तुम्ही बघायला या." आकडे समोर लिहून घे आणि मगच नंबर फिरव. ऑर्डर फोनवर दिली तर औषध, डोस, मार्ग परत मोठ्याने वाचून दाखव. मग वेळ टाकून नोंद कर: इतक्या वाजता कळवलं, अमुक सांगितलं. आले नाहीत तर पुन्हा फोन कर, तीही नोंद कर, आणि मग त्यांच्या वरच्या डॉक्टरांना कर. ओरडतील कधी. ओरडू देत. तुझी नोंद वेळेसकट तिथे असेल.

औषधांबद्दल दोनच गोष्टी आज सांगते, बाकी वॉर्ड शिकवेल. पोटॅशियम क्लोराईडची अँप्युल थेट शिरेत कधीही जात नाही. कोणी कितीही घाईत सांगितलं तरी नाही. ती पातळ करून, सलाईनमधून, हळूहळूच. ती दहा मिलीची अँप्युल इतर अँप्युलसारखीच दिसते, म्हणून तिची जागा वेगळी ठेवतात. आणि इन्सुलिन. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेलीही व्हायल (औषधाची बाटली) येते आणि १०० युनिट असलेलीही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने "दहा युनिट" भरलंस तर पेशंटला पंचवीस जातात. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवल्याशिवाय सुई आत घालू नकोस.

कृष्णाकाठची:

मी कराडची, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला. बारा नंबरच्या सिस्टरांनी लिहिलंय ते वाचताना अंगावर काटा आला, कारण इथे हेच नियमात बसवलंय. प्रत्येक पेशंटच्या मापांना गुण द्यायचे. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २५ किंवा जास्त असेल तर तीन, आणि एका मापात तीन गुण आले की तातडीने कळवायचंच. म्हणजे न मोजता वीस लिहिलं तर पेशंट कागदावर ठणठणीत! इथे आले तेव्हा ओएससीई, म्हणजे इथल्या नर्सिंग रजिस्ट्रेशनसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तयारीत मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो याच सवयीचा. तीन वर्षं नोकरी करून आले होते, तरी घड्याळ न बघता आकडा लिहायला हात जायचा.

परदेशाचा विचार आत्ता नसला तरी कागद जपून ठेव. ट्रान्स्क्रिप्ट, प्रत्येक नोकरीचं नेमणूकपत्र, अनुभव प्रमाणपत्र, आणि पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. त्यासाठी प्रशिक्षणाचे तास लागतात, त्यांची प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये लाव. माझं एक अनुभवपत्र मिळवायला सात महिने गेले.

सुईदोरा:

मी संसर्ग नियंत्रण बघते. जॉइन होण्याआधी हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण आहेत का बघ (पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा). तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी कर. दहाच्या वर आली की संरक्षण आहे. कॉलेजमध्ये दोन डोस देऊन तिसरा राहून गेलेल्या मुली मला दर वर्षी भेटतात.

सुई टोचली तर बोट पिळू नकोस. साबण-पाण्याने धू आणि लगेच कळव. गरज पडली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. भीतीने किंवा लाजेने सकाळपर्यंत थांबलेल्या मुली पाहिल्या आहेत म्हणून सांगते. आणि सुईला टोपण परत लावायचं नाही, आजपासूनच.

गोदाकाठ:

विदर्भब्रदर, ५० खाटांची अट मला माहीत नव्हती. माणदेशी, माझा सल्ला मागे घेते. फक्त पुण्याला गेलीस तर सहा महिन्यांनी लेबर रूम किंवा ओटीत बदली माग, नाहीतर आरएममधलं (प्रसूतीच्या शिक्षणातलं) सगळं विसरायला होतं.

माणदेशी:

सगळ्यांचे आभार. मेट्रन मॅडमशी बोलले. नाईटला दोन सिस्टर आणि चोवीस पेशंट. पहिला महिना सीनियरबरोबर, पण मला वेगळे चार पेशंट देणार. एकटीची नाईट तीन महिन्यांनंतर. मूळ कागद ठेवून घेण्याबद्दल आधी "पद्धत आहे" म्हणाल्या, मी परत विचारलं तर झेरॉक्स चालेल म्हणाल्या. अनुभव प्रमाणपत्राचं लेखी देतो म्हणाले. पुण्याला जाते. माझा हिपॅटायटिसचा तिसरा डोस खरंच राहिला होता, काल घेतला.

बारा नंबरच्या सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, मीही वीसच लिहायचे.

वॉर्ड नंबर १२:

खिशात एक छोटी डायरी ठेव. वॉर्डातली नेहमीची वीस-पंचवीस औषधं, कशात पातळ करायची, किती वेळात द्यायची, ते लिहून काढ. सलाईनच्या मायक्रो सेटला ६० थेंबांचा एक मिली, म्हणजे तासाला जितके मिली तितके मिनिटाला थेंब. साध्या सेटवर २० थेंबांचा मिली असतो, पाकिटावर वाचून घे. पहिल्या आठवड्यात मावशींची आणि मामांची नावं पाठ कर. पेशंटचा चेहरा बदललेला खूपदा त्यांना आपल्या आधी दिसतो. आणि नाईटनंतर घरी फोन करून मग झोप, नाहीतर आई दिवसभर वाट बघते.

माणदेशी:

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते. माझे चार पेशंट आता सहा झालेत. पहिल्या आठवड्यात चौघांचाही श्वास मोजायला इतका वेळ लागायचा की सकाळची औषधं मागे पडायची. सीनियर सिस्टर म्हणाल्या एवढं कशाला मोजतेस. परवा बेड सतराच्या आजींचा अठ्ठावीस आला. त्यांनी स्वतः परत मोजला, तेवढाच आला. डॉक्टरांना फोन मला करायला लावला. आकडे कागदावर लिहिले होते तरी आवाज कापत होता. ते दहा मिनिटांत आले, एक्स-रे सांगितला, औषध बदललं. काल आजी खुर्चीत बसून चहा पीत होत्या.

इन्सुलिनच्या लाल आणि केशरी टोपणाच्या सिरिंजा आमच्या ट्रॉलीत एकाच कप्प्यात होत्या. इन्चार्ज सिस्टरांना दाखवलं. त्यांनी दोन डबे आणले आणि चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घेतल्या. एकावर ४०, एकावर १००, मोठ्या अक्षरात.

पुढच्या सोमवारपासून नाईट आहे, अजून सीनियरबरोबरच. दिवसा हॉस्टेलवर खूप आवाज असतो. झोपेचं तुम्ही सगळे कसं जमवता?