रोल-प्लेइंग गेममध्ये सामान्य पात्र खेळण्यात एवढी गोडी का वाटते?

कंदीलधारी :
आम्ही पाच जण नियमितपणे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो; त्यात प्रत्येक जण एक पात्र होऊन फाशांच्या आधारे कथा पुढे नेतो. नवी कथा सुरू करताना इतरांनी मांत्रिक, योद्धे अशी पात्रे निवडली, तर मी मशाल धरणारा आणि पाठीवर सामान वाहणारा एक हमाल निवडला. मशाल तासभर जळते आणि तिचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंतच पोचतो, हा नियम आजवर आमच्यापैकी कोणी मनावर घेतला नव्हता. परंतु गेल्या खेपेस भुयारात शेवटची मशाल उरली, तेव्हा ती घेऊन पुढे जायचे की परतीच्या वाटेसाठी राखून ठेवायची, या प्रश्नावर सगळे कितीतरी वेळ गप्प बसून राहिले. तरीही आमची एक सहखेळाडू विचारते, ‘ओझी तर रोजच वाहतो, मग खेळातही तेच कशाला?’ मला नीट उत्तर देता आले नाही.

तीन_फासे :
माझ्या मते उत्तर गणितात आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सामान्य माणसाला अवघे ४ हिट पॉइंट (किती इजा सोसता येते त्याचे गुण) असतात. दर १० फूट पडण्याला एक सहा बाजूंचा फासा टाकतात आणि त्यावर येईल तेवढे पॉइंट कमी होतात; म्हणजे ३० फुटांवरून पडल्यास तीनही फाशांवर एक-एक पडला तरच तो तगतो, आणि ही शक्यता २१६ मध्ये १ एवढीच आहे. दहाव्या पातळीचा, म्हणजे अनुभवाने बराच ताकदवान झालेला योद्धा मात्र त्याच कड्यावरून उडी मारून अंगावरची धूळ झटकतो. त्यामुळे कड्याच्या टोकाशी उभे राहणे हा त्याच्यासाठी प्रसंगच नसतो, तुमच्या हमालासाठी तो असतो.

उंदीरमार :
गणित मान्य आहे, पण नुसत्या मरणाच्या भीतीवर गोडी टिकत नाही. १९८१ च्या कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळामध्ये प्राध्यापक, पत्रकार, ग्रंथपाल अशी माणसे भयंकराच्या वाटेला जातात आणि तिथे ग्रंथालयात माहिती शोधण्याचे कौशल्य बंदुकीपेक्षा अनेकदा जास्त कामी येते. १९८६ च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये तर उंदीर पकडणारा हा रीतसर पेशा आहे, त्याच्यासोबत एक छोटा पण चावरा कुत्राही मिळतो! (त्या कुत्र्यासाठीच मी तो पेशा घेतला, हे कबूल करतो.) पेशा पात्राला नजर देतो. धान्याच्या कोठारात शिरल्यावर सगळे जण दडलेला खजिना शोधत होते. माझ्या पात्राने आधी लेंड्या पाहिल्या, त्या ताज्या नव्हत्या, आणि मग एवढ्या धान्यातून उंदीर का पळाले हा प्रश्न पडला. आपण रोज ओझी वाहतो तेव्हा पुढे काय होणार ते ठाऊक असते. भुयारात ते ठाऊक नसते, एवढे तुमच्या मैत्रिणीला सांगून पाहा.

चौथी_खुर्ची :
थोडा विरोध नोंदवते. मी एकदा बेकरीवाली खेळले आणि सामान्यपणाच्या नावाखाली प्रत्येक लढाईत टेबलाखाली लपले. मला ते फार अस्सल वाटत होते. बाकीच्यांना मात्र दर वेळी कथा थांबवून माझी समजूत काढावी लागे. सामान्य पात्राला घर सोडण्याचे कारण वीरापेक्षाही बळकट हवे, नाही तर शहाणा माणूस पहिल्याच दाराशी मागे फिरेल. शिवाय लढाया वीरांच्या मापाने बेतलेल्या असतील, तर वैद्याचे सगळे मंत्र तुमच्यावरच खर्ची पडतात. २०१२ च्या डंजन क्रॉल क्लासिक्स या खेळाने ही अडचण छान सोडवली आहे : प्रत्येक खेळाडू शून्य पातळीचे अनेक गावकरी घेऊन उतरतो, त्यांतले बहुतेक मरतात आणि वाचलेलेच पुढे वीर होतात. तिथे सगळेच एका मापाचे असल्यामुळे कोणी कोणावर ओझे ठरत नाही.

कंदीलधारी :
कारणाचा मुद्दा नेमका लागला. माझा हमाल भुयारात का उतरला, हे मी ठरवलेच नव्हते. मजुरी मिळते म्हणून, एवढेच. पण तेवढ्यासाठी कोणी शेवटची मशाल घेऊन पुढे जाणार नाही, आणि आम्ही पुढे गेलो आहोत. आमच्याआधी उतरलेल्या तुकडीचे सामान त्याच्या भावाने वाहिले होते, असे ठरवू का, हे आज गेम मास्टरला, म्हणजे कथा चालवणाऱ्याला विचारतो.