मदत हवी आहे: जागेत जुना कबूस आहे, ओळखायचा आणि हलवायचा कसा?

फोडणीचा_भात: ओहायोत सहा एकर जागा घेतली. कोपऱ्यात लाल कबूस उभा आहे, म्हणजे आपल्याकडे मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो ना, तसा. क्रेनवाला वजन विचारतोय, मी काय सांगू? नंबर कुठेच नाही. महिनाअखेरीला हलवायचाच आहे. गूगल करून झालंय, ते सांगू नका.

सांधेवाला: फोटो? छपरावर खोली आहे की बाजूच्या भिंतींना फुगवटा? चाकं आहेत? न्यायचा कुठे?

फोडणीचा_भात: छपरावर खोकं आहे. चाकं आहेत. ऑफिसात आहे, फोटो नंतर. वजन सांगा ना!

सांधेवाला: खोकं म्हणजे क्युपोला. त्यात बसून गार्ड गाडीवर नजर ठेवायचा. फुगवटा असता तर बी अँड ओ रेल्वेचा संशय आला असता. खिडक्या जहाजासारख्या गोल असतील तर पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा एन५सी, 1942 चा. (ते त्याला कबूस नाही, केबिन कार म्हणायचे.) चौकोनी असतील तर बाजूचा रंग ओल्या पॉलिशपेपरने हलकेच घासा, खालची अक्षरं उमटतात. ‘एलटी डब्ल्यूटी’ पुढचा आकडा म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, पौंडात. ‘बीएलटी’ पुढे बांधणीची तारीख. केंटनला कबूस बांधायचा कारखाना होता, तुमच्याच राज्यात. तिथलाही असेल.

शालूमावशी: घासायच्या आधी थांबा! जुन्या रंगात शिसं असतं. शेगडीमागे ॲस्बेस्टॉसही असू शकतं. मुलांना लांब ठेवा.

सांधेवाला: म्हणूनच ओला म्हटलं, मावशी.

कोथरूडचा_पक्का: आपल्याकडे 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. हुद्दा मोठा झाला, डबा मात्र तसाच हादरतो.

रविवार_सुट्टी: हलवता कशाला? आत पलंग टाका, एअरबीएनबीवर द्या. आम्ही असल्याच डब्यात राहिलो होतो, मस्त.

फोडणीचा_भात: विचारलं काय, सांगताय काय! तिथे घराचा पाया खणायचाय.

ट्रकवाले_अण्णा: शेजाऱ्याचा कबूस उचलला तेव्हा मी उभा होतो. स्टीलचा असेल तर ढोबळ 20 ते 25 टन धरा. वरचा सांगाडा बोग्यांवर नुसता मधल्या पिनेवर बसलेला असतो. ब्रेकचे दांडे सोडवले की सरळ वर येतो. सांगाडा लोबॉयवर (बुटक्या ट्रेलरवर), बोग्या दुसऱ्या ट्रकवर. सगळं एकत्र लादलंत तर साडेतेरा फुटांच्या पुलाखाली अडकाल. रुंदी साडेआठ फुटांच्या वर जाते, म्हणून परमिट तर लागणारच.

कोथरूडचा_पक्का: बोग्या म्हणजे डबेच ना?

सांधेवाला: नाही! पेपरवाल्यांनी हा घोळ घातलाय. बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट.

रविवार_सुट्टी: एवढी चाकं आहेत तर रुळावरूनच न्या की.

सांधेवाला: पन्नास वर्षांवरचा डबा खास परवानगीशिवाय रुळावर चालत नाही. आणि रूळ आहेत कुठे तिथे? ऐंशीच्या दशकात गाडीच्या शेपटीला लुकलुकणारा डबी-एवढा दिवा लागला, कबूस बेकार झाले, लोकांनी शेतात आणून ठेवले.

ट्रकवाले_अण्णा: ते राहू द्या. ट्रक डब्यापर्यंत जाणार कसा?

फोडणीचा_भात: सरळ. मध्ये गवतच आहे. खाली सेप्टिकच्या पाइपा आहेत म्हणे.

ट्रकवाले_अण्णा: अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! त्यावर क्रेन नेलीत तर पाइपांचा चुराडा. दुसऱ्या बाजूने वाट काढा.

शालूमावशी: खरेदीखतात कबूसचा उल्लेख आहे का? नसेल तर आधीच्या मालकाकडून लेखी घ्या.

फोडणीचा_भात: उल्लेख नाही. मालकाला मेल टाकलीय. घासलं आज, दीड तास. वजन सापडलं: 48100. रेल्वेच्या नावाची जागा कुणीतरी लांबीने (पुट्टीने) भरून टाकलीय. क्रेनवाला आता विचारतो, मागच्या बाजूची जमीन सुकली का. इथे परवापासून पाऊस.