परदेशात ध्यान शिकायला जायचंय, कॉलेज सांभाळून कसं जमवायचं?

पाली_द्वितीय_वर्ष:
सर्वांना जय भीम. बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पाली. उन्हाळी परीक्षेनंतर पाच-सहा आठवडे मोकळे असतात. तेवढ्यात थायलंड, श्रीलंका किंवा नेपाळमध्ये राहून ध्यान शिकायचं आहे. पदवी नको, सराव हवा. आतापर्यंत विहारात तासभर आनापान (येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवणं), एवढंच. केंद्र कोणतं निवडू? मुलींची राहायची सोय, व्हिसा, शिष्यवृत्ती याबद्दलही सांगा.

कळमेश्वर_रोड:
जय भीम ताई. आधी नागपूरजवळच्या माहुरझरीला, धम्मनाग विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर करून घे. शुल्क नाही, शेवटी जमेल ते दान. पहाटे ४ ला घंटा, दिवसभरात दहा तासांच्या आसपास बैठक, नऊ दिवस मौन, फोन जमा. तासाभराच्या सवयीवर थेट महिनाभर बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघे आणि कंबर बोलू लागतात, झोप उडते, आणि परक्या देशात ते कोणाला सांगायचं हेही कळत नाही. इथं निदान मराठी-हिंदीत विचारता येतं.

मग पद्धत एकच धर. गोयंका गुरुजींच्या परंपरेत (धम्मनाग त्यातलंच) आनापानानंतर शरीरावरच्या संवेदना पाहतात. म्यानमारच्या महासी सयाडो यांच्या पद्धतीत पोटाचं वर-खाली होणं आणि मनात उठेल त्याची नोंद, बसणं आणि चंक्रमण (चालत ध्यान) आलटून पालटून. दोन्ही मिसळल्या तर धड एकही होत नाही. गोयंका परंपरेच्या अर्जात तर आधी दुसरं काय केलं हे विचारतातच. त्याच परंपरेत राहायचं असेल तर काठमांडूला बुढानीलकंठचं धम्मशृंग आणि श्रीलंकेत पेरादेनियाजवळचं धम्मकूट आहे. पण तिथल्या सतिपट्ठान या पुढच्या पातळीच्या शिबिराला किमान तीन दहा दिवसांची शिबिरं झालेली लागतात, हे ध्यानात ठेव.

इंदोरा_चौक:
तुझ्या तारखांना सर्वांत सोपं सुआन मोख विहार, दक्षिण थायलंडात चैयाला. शिबिर दर महिन्याच्या १ तारखेला सुरू होतं, इंग्रजीतून असतं, आदल्या दिवशी हजर व्हायचं. ते स्थापणाऱ्या बुद्धदास भिक्खूंच्या शिकवणीप्रमाणे आनापानसतीवर (श्वासावरच्या ध्यानावर) भर. बायका-पुरुषांची निवासं वेगळी. सिमेंटचा ओटा, चटई, लाकडी उशी आणि मच्छरदाणी. त्यामुळे घरी पंधरा दिवस आधी जमिनीवर झोपून बघ. जेवण शाकाहारी, दुपारनंतर नाही. पित्ताचा त्रास असेल तर रात्रीचं जेवण महिनाभर आधीपासून हळूहळू कमी कर, एकदम बंद केलं की डोकं चढतं.

थायलंडातल्याच उबोनचं वात पा नानाचात सगळे सुचवतात. थाई भिक्खू अजान चा यांनी १९७५ मध्ये परदेशी साधकांसाठीच स्थापलेलं. पहाटे ३ ला उठणं, दिवसातून एकच जेवण. पहिल्या खेपेला तिकडं नको, आणि मुळात ते भिक्खूंचं विहार आहे.

महासी पद्धत हवी असेल तर श्रीलंकेत कोलंबोजवळचं कंदुबोड. तिथंच कँडीजवळ निलांबे आहे, गृहस्थांसाठी, शांत. पण जूनमध्ये पावसाच्या जळवा असतात आणि रात्री उजेड नसल्यातच जमा, टॉर्च हवाच. कपडे पांढरे, सैल. बुद्ध पौर्णिमेचे चालतील. म्यानमारची केंद्रं मूळची नामांकित, पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर सध्या तो विचार सोडलेला बरा.

नेपाळच्या कोपन या तिबेटी मठाचा महिन्याचा कोर्स नोव्हेंबरात असतो, म्हणजे हिवाळी परीक्षेच्या ऐन तोंडावर.

पाली_द्वितीय_वर्ष:
धन्यवाद दादा. मग कागदपत्रं? आणि पैसे?

सीताबर्डी_४४००१२:
पासपोर्ट आत्ताच टाक, साधा ₹१५००. दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्र जोड, म्हणजे इसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) शिक्का येत नाही. प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत बाकी हवी. नेपाळला व्हिसा नाही, पण आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. लुंबिनीला जायचं तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौली नाका. थायलंडला आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. व्हिसामुक्त दिवस किती ते तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघ, नियम बदलत राहतात.

खरी फजिती इथं होते: फोन जमा असतो आणि देशात राहण्याची मुदत मौनातच संपते. थायलंडला जादा राहिल्याचा दंड दिवसाला ५०० बाट. तसंच परीक्षा फॉर्मचं. तारखा शिबिराच्या मध्येच येऊ शकतात, म्हणून लॉगिन घरच्या कोणाकडे देऊन जा, आणि फॉर्मचा ओटीपी तुझ्याच नंबरवर येत असेल तर सिमही त्यांच्याकडेच ठेव.

शिष्यवृत्तीची आशा धरू नको. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती जागतिक क्रमवारीतल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज योजनेतून तर २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास हे विषयच वगळलेत. पुढे एम.ए. करायचंच ठरलं तर कोलंबोची केलनिया विद्यापीठाची पाली संस्था आणि थायलंडचं महाचुळा बौद्ध विद्यापीठ बघ, पण ते वेगळं प्रकरण.

कळमेश्वर_रोड:
आणखी एक. मानसिक आजाराची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर अर्जात स्पष्ट लिही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नको. लपवून गेलेल्यांनाच जास्त त्रास होतो. माहुरझरीच्या मे-जूनच्या जागा लवकर भरतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतली तारीख बघ.