टॅपेट नीट असेल तर बेंडपाईपचा जोड बघा

गाडीच्या इंजिनातून टिकटिक आवाज येतो म्हटलं की 'टिकटिक म्हणजे टॅपेटच (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), त्याची गॅप सेट करून घ्या' असं सांगतात, ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. पण गॅप नीट असूनही आवाज जात नसेल तर बेंडपाईप (इंजिनातून धूर बाहेर नेणारा वाकडा पाईप) हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बसतो तो जोड बघा. तिथलं गॅस्केट (जोडातली फट बंद करणारी चकती) गेलं की हुबेहूब तसाच आवाज येतो. फोर-स्ट्रोकमध्ये एका सिलिंडरचा एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व्ह क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) २ फेऱ्यांत एकदाच उघडतो आणि गळणारा वायूही त्याच तालात फटकतो, त्यामुळे नुसत्या कानाने फरक कळणं कठीण.

माझ्या गाडीत नटाशेजारी काजळीचा बारीक काळा ओघळ होता, त्यावरून सापडलं. काजळी दिसत नसेल तर थंड इंजिनवर जोडाला साबणाचं पाणी लावून लगेच स्टार्ट करा, बुडबुडे येतील. पाईप तापायच्या आत बघा, तापल्यावर धातू प्रसरण पावून फट कधीकधी मिटते.